दार कोणाचं ऐकतं?

आग्रही : सार्वजनिक लॉकरला किल्ली असूच नये, या मतावर मी ठाम आहे. रेल्वे स्थानक, एसटी स्टँड, ग्रंथालय, देवस्थान, जिथे जिथे अनोळखी माणसं एकामागून एक तोच कप्पा वापरतात तिथे किल्ली ही मुळातच चुकीची वस्तू आहे. घराचा मालक वर्षानुवर्षं तोच असतो, कप्प्याचा मालक दिवसातून चारदा बदलतो. मी सकाळी किल्ली घेतली, बाहेरच्या किल्लीवाल्याकडून तिची नक्कल करून घेतली, संध्याकाळी मूळ किल्ली कुलपात लावून निघून गेलो, की उद्यापासून त्या कप्प्यात जो कोणी सामान ठेवील त्याचं दार मला उघडतं. हॉटेलांना ही अडचण फार आधी जाणवली होती. नॉर्वेच्या टोर सॉर्नेस यांनी १९७०च्या दशकात तिच्यावर जे उत्तर शोधलं ते मला आजही थक्क करतं. प्लास्टिकच्या कार्डावर भोकांसाठी ३२ जागा. प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळी कार्डं. खोलीत नवा पाहुणा आला की त्याला नवं कार्ड आणि त्याच्याबरोबर कुलूपही नवं. जुनं कार्ड कोणाच्या खिशात राहिलं तरी बिघडत नाही. किल्लीच्या जगात माणूस बदलला तरी कुलूप बदलत नव्हतं. इथे ते बदलू लागलं.

जपानच्या स्थानकांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. नोव्हेंबर २००१मध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने 'सुइका' हे नुसतं टेकवायचं कार्ड आणलं. आधी तिकिटासाठी, मग दुकानांसाठी आणि लॉकरसाठीही. कप्प्यात बॅग ठेवायची, दार लावायचं, मधल्या पडद्यापाशी कार्ड टेकवायचं. भाडं कार्डातून कापलं जातं आणि त्या कार्डाचा क्रमांक हीच त्या कप्प्याची किल्ली होते. परत येऊन तेच कार्ड टेकवलं की दार उघडतं आणि कार्डाचा कप्प्याशी संबंध संपतो. सुटी नाणी शोधायला नकोत, किल्ली सांभाळायला नको. आपल्याकडेही मार्च २०१९पासून नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे; मेट्रोची 'मुंबई वन', 'एक पुणे' ही कार्डं त्याच कुळातली. जे कार्ड रोज खिशात असतं त्यानेच दादरला दोन तास बॅग ठेवता यावी, एवढंच माझं मागणं आहे.

साशंक : किल्लीची खोड तुम्ही बरोबर सांगितलीत, पण तिचा एक गुण तुमच्या हिशेबात आलाच नाही. किल्ली कोणाला विचारत नाही. ती कुलपात शिरली, खाचा जुळल्या, दार उघडलं. त्या क्षणी मी आणि माझं सामान यांच्यामध्ये तिसरं कोणी नसतं. कार्ड दार उघडत नाही, कार्ड अर्ज करतं. निर्णय होतो तो कप्प्यांच्या मागे बसवलेल्या यंत्रात, नाहीतर दुसऱ्या गावातल्या एखाद्या सर्व्हरवर. कार्डातली शिल्लक कमी पडली, मुदत उलटली, यंत्राच्या नोंदीत चूक झाली, की माझीच बॅग मला नाकारली जाते आणि नाकारणारा समोर दिसतही नाही. जुन्या क्लोकरूममध्ये खिडकीमागे एक माणूस असायचा. तो तुसडा असेल, नेमका जेवायला गेलेला असेल, पण त्याच्याशी वाद घालता यायचा. पावती हरवली तरी "ती निळी बॅग, हँडलला लाल दोरी बांधलेली, तिच्यात वरच आईच्या औषधांची पिशवी आहे" असं सांगता यायचं. तो कुरकुर करत बॅग उघडायला लावायचा, औषधं दिसली की वहीत सही घेऊन सामान द्यायचा. तुमच्या पडद्यापुढे मी लाल दोरीबद्दल कोणाला सांगू?

आणि पावसाळ्याचं काय? जुलैची रात्र आहे, साडेअकरा वाजलेत, रुळांवर पाणी, गाड्या बंद, वीज जाते-येते आहे. किल्लीचं कुलूप अंधारात चाचपून उघडता येतं. वीज गेल्यावर तुमचं दार कोणाचं ऐकणार?

आग्रही : हा प्रश्न लॉकर बनवणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारलेला असतो. त्यांनी त्याची जी उत्तरं दिली आहेत त्यांतली काही चांगली आहेत, काही वाईट, आणि ती माहीत असल्याशिवाय निविदा काढू नये असं मी म्हणेन. दार धरून ठेवतो तो स्प्रिंगवरचा पोलादी आकडा. त्याला वीज लागत नाही. विजेचं काम फक्त आकडा मागे ओढण्याचं, तेही क्षणभर. सोलेनॉइडच्या वेटोळ्यातून एक झटका गेला की आकडा सुटतो आणि दार पुढे येतं. म्हणून वीज गेली तर सामान उघड्यावर पडत नाही, आत अडकतं. अडकू नये म्हणून यंत्राला बॅटरी द्यावी लागते. कप्पे आणि नोंदी यांची यादी जागेवरच्या यंत्रात ठेवावी लागते, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी कार्ड ओळखलं जातं. शिवाय दाराच्या चौकटीत एक छोटा स्विच हवा, जो दार खरोखर बंद झालं आहे की नुसतं टेकलं आहे हे सांगतो. तो नसेल तर माणूस पैसे भरून निघून जातो आणि मागे दार किलकिलं राहतं. खर्च वाचवायला निघालेला कंत्राटदार नेमकं हेच गाळतो. अशा कप्प्यापुढे अडकलेल्या माणसाचा राग मला समजतो, पण त्याचा राग असायला हवा तो गाळलेल्या बॅटरीवर.

आणखी एक सांगतो. मुंबईत सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस इथे मध्य रेल्वेने डिजिटल लॉकर आणले. फोनवर चालणारे लॉकरही निघाले आहेत. मला फोनपेक्षा कार्ड बरं वाटतं. फोनची बॅटरी नेमकी प्रवासाच्या शेवटी संपते. कार्डाला बॅटरीच नसते; वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ते आपल्यापुरती वीज घेतं आणि क्रमांक सांगून गप्प होतं. फोन माझ्या नावाला, नंबराला बांधलेला असतो. कार्ड मी आईच्या हातात देऊन "तू बॅग घेऊन ये, मी रिक्षा थांबवतो" असं म्हणू शकतो.

साशंक : क्रमांक सांगून गप्प होतं, हे तुम्ही सहज म्हणालात, आणि माझी दुसरी हरकत तिथेच सुरू होते. तो क्रमांक कार्ड कोणाला सांगतं? जो विचारील त्याला. जगभरात सगळ्यात जास्त पसरलेल्या कार्डांपैकी एक म्हणजे १९९४ साली बाजारात आलेलं मायफेअर क्लासिक. त्याची सांकेतिक किल्ली अवघी ४८ बिटांची, आणि संकेताची रीत कंपनीने गुप्त ठेवलेली. लोकांना रीत माहीत नाही, एवढ्यावर बरीचशी सुरक्षितता उभी होती. डिसेंबर २००७मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिप थराथराने घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती रीत उलगडल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नाइमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी हल्ला पुरा केला. चिप बनवणारी कंपनी त्यांचा निबंध थांबवायला न्यायालयात गेली. न्यायालयाने नकार दिला. लंडनचं ऑयस्टर कार्ड तेव्हा याच चिपवर चालत होतं. बरं, त्यातून सगळे शहाणे झाले म्हणावं, तर मार्च २०२४मध्ये जाहीर झालं की जगभरातली ३० लाखांहून अधिक हॉटेलची कुलपं बनावट कार्डाने उघडता येतात, आणि त्या साखळीतली एक कडी तीच जुनी चिप होती. त्याआधी २०१२मध्ये कोडी ब्रोशियस यांनी दुसऱ्या एका कंपनीच्या कुलपाच्या खालच्या छिद्रात स्वस्तातलं उपकरण खुपसून दार उघडून दाखवलं होतं.

किल्लीचं कुलूप एकेक करून फोडावं लागतं. चोराला प्रत्येक दारापाशी उभं राहून घाम गाळावा लागतो. कार्डाचं कुलूप फुटलं की एका रात्रीत त्या जातीची सगळी फुटतात, आणि दुरुस्ती मात्र दारोदार जाऊन करावी लागते. स्वस्त लॉकर तर कार्डातली सांकेतिक किल्ली तपासतही नाहीत, नुसता अनुक्रमांक वाचतात. गर्दीत माझ्या पर्सला यंत्र टेकवून तो वाचता येतो.

आग्रही : यातलं एकही वाक्य मी नाकारत नाही. आज नवीन लॉकर बसवताना जुनी चिप चालणार नाही, नुसता अनुक्रमांक वाचणारं यंत्र चालणार नाही, हे निविदेतच लिहिलं पाहिजे. चांगल्या संकेताची कार्डं बाजारात आहेत आणि ती परवडतात. पण तुम्ही किल्लीला फार सोज्वळ ठरवता आहात. ज्या लॉकरांच्या रांगेला किल्ल्या असतात तिला एक मास्टर किल्लीही असते, आणि ती एका माणसाच्या कमरेला लटकत असते. अमेरिकेत विमानतळावरच्या तपासणीसाठी प्रवाशांच्या बॅगांच्या कुलपांना काही ठरावीक मास्टर किल्ल्या ठेवल्या. त्यांचा फोटो २०१४ साली एका वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढच्या वर्षी लोक त्या फोटोवरून घरी थ्रीडी प्रिंटरवर तशा किल्ल्या बनवू लागले. म्हणजे एका रात्रीत सगळी फुटणं हा काही कार्डाचाच शाप नाही. फरक एवढाच की मास्टर किल्लीने उघडलेलं दार मागे काहीच ठेवत नाही.

आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. लॉकरमधून पाकीट गेलं की पहिला संशय कोणावर जातो? झाडू मारणाऱ्या बाईवर, रात्रपाळीच्या वॉचमनवर, जागेवर रोज दिसणाऱ्या आणि आवाज नसलेल्या माणसावर. तिची पिशवी सगळ्यांदेखत उपडी केली जाते. तिने काही घेतलं नाही हे तिने सिद्ध कसं करायचं? किल्लीचं कुलूप तिच्या बाजूने साक्ष देत नाही. कार्डाचं कुलूप देतं. दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी हा कप्पा याच कार्डाने उघडला, त्यानंतर साडेपाचपर्यंत कोणी उघडला नाही, अशी नोंद असली की तिच्या अंगाला हात लावायची कोणाची हिंमत होणार नाही. नोंद म्हटलं की तुम्हाला पाळत दिसते. मला आधी ती बाई दिसते.

(मध्येच माझं, या लेखकाचं, एक म्हणणं. लॉकरबद्दलची चर्चा नेहमी सामानाच्या मालकाभोवती फिरते. त्या जागेवर काम करणाऱ्याची अब्रू हीसुद्धा कुलपाने राखायची गोष्ट आहे, हा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत वजनाचा वाटतो. म्हणूनच पुढची हरकत मला जास्त छळते.)

साशंक : मलाही एक बाई दिसते, पण वेगळी. तिला घर सोडायचं आहे. आज नाही, दोन महिन्यांनी. तोवर ती थोडं थोडं बाहेर नेते आहे: दहावीचं प्रमाणपत्र, रेशनकार्डाची प्रत, मुलाचा जन्मदाखला, आईने दिलेली दोन तोळ्यांची पाटली. घरात तिचं असं एकही कपाट नाही ज्याची किल्ली सासूकडे नाही. बँकेत लॉकर काढायचा तर फॉर्म, फोटो, नवऱ्याला पोहोचणारा मेसेज. अशा बाईला ठाण्याच्या स्थानकातला नाणं टाकून मिळणारा एक पत्र्याचा कप्पा म्हणजे तिच्या आयुष्यातली एकमेव जागा, जी कोणाच्या नोंदीत नाही. तुमचं कार्ड त्याच जागेला तारीख, वेळ आणि क्रमांक चिकटवतं. तेच कार्ड ती मेट्रोत वापरते. म्हणजे ती कुठे चढली, कुठे उतरली आणि उतरून कोणता कप्पा किती वेळा उघडला, हे सगळं एका ओळीत. तिचं नाव त्यात नसेल कदाचित. पण कार्ड नवऱ्याने रिचार्ज केलं तर?

आणि नोंद एकदा झाली की ती जागेवर बसून राहत नाही. २०१३ साली जेआर ईस्टने सुइका कार्डांच्या प्रवासाच्या नोंदी हिताची कंपनीला विकल्या. नावं काढून टाकली होती, असं त्यांचं म्हणणं. प्रवाशांना कोणी विचारलं नव्हतं. गदारोळ झाला, व्यवहार थांबवावा लागला. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात, नावाजलेल्या कंपनीकडून हे झालं. तुमच्या सफाई करणाऱ्या बाईला वाचवण्यासाठी ठेवलेली नोंद माझ्या बाईला पकडून देणार नाही, याची हमी कोण देईल?

आग्रही : हमी नाही. पण तुमचा बेनावाचा कप्पा आता कोणी बसवू देईल, असं तुम्हाला खरंच वाटतं का? डिसेंबर १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर नाण्याच्या लॉकरांच्या जागी बॉम्ब फुटला, अकरा माणसं गेली. त्यानंतर अनेक अमेरिकी विमानतळांवरून असे लॉकर उचलले गेले. जपानमध्ये आजही मोठी परिषद असली किंवा परदेशी राष्ट्राध्यक्ष यायचा असला की स्थानकांतले लॉकर काही दिवस बंद ठेवतात. आणि आपण तर ११ जुलै २००६ची संध्याकाळ पाहिलेली माणसं आहोत. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट. त्या शहरात तुम्ही सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला सांगणार, की शेकडो बंद कप्पे आहेत आणि आत कोणी काय ठेवलं हे कोणालाच माहीत नाही? तो अधिकारी लॉकरच काढून टाकील, आणि मी त्याला दोष देणार नाही. मग तुमच्या बाईपुढे निवड राहते ती कार्डाचा कप्पा किंवा कप्पाच नाही, एवढीच. म्हणून मी म्हणतो, थोडी ओळख देऊन कप्पा वाचवा.

साशंक : 'थोडी' म्हणजे किती, यावर सगळं आहे. बॉम्ब ठेवणाऱ्याने दुसऱ्याचं कार्ड वापरलं की तुमची नोंद एका निरपराध माणसाच्या दारात पोलीस उभे करील. तपासणीसाठी सामान एक्स-रे यंत्रातून न्या, मी रांगेत उभी राहीन. पण सामान तपासणं वेगळं आणि माणसाची वही ठेवणं वेगळं.

आणि यंत्र न लावताही एक वाट आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पोरं काय करतात? पत्र्याच्या कप्प्याला कडी-कोयंडा असतो, कुलूप ज्याचं त्याचं. किल्ली अभ्यासिकेच्या मालकाकडेही नाही. ना बॅटरी, ना चिप, ना नोंद.

आग्रही : आणि पोरगं परीक्षा सोडून गावाला निघून गेलं की मालक काय करतो? कटर आणून कुलूप तोडतो, पुस्तकं पोत्यात भरून जिन्याखाली टाकतो. साक्षीदार नाही, यादी नाही. अभ्यासिकेत महिनाभराचा कप्पा असतो म्हणून तेवढ्यावर निभावतं. स्थानकावर तासातासाला माणूस बदलायला हवा. स्वतःचं कुलूप लावू दिलं तर पहिल्या आठवड्यात सगळे कप्पे आसपासच्या फेरीवाल्यांच्या मालाने भरतील आणि प्रवाशाला एकही रिकामा मिळणार नाही. फेरीवाल्याचीही गरज खरी आहे. पण ती दुसरी गरज आहे, तिला दुसरी जागा हवी.

साशंक : कटरचं बोललात ते बरं झालं. शेवटी प्रत्येक लॉकर कोणाच्या तरी परक्या हाताने उघडला जातो, आणि वादाचा गाभा मला तिथे दिसतो. अमिताभ दासगुप्ता यांच्या खटल्यात बँकेने भाडं थकल्याचं सांगून लॉकर फोडला होता. भाडं भरलेलं होतं, आधी नोटीस दिली नव्हती, आणि आतले सगळे दागिने परत मिळाले नाहीत. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेला हात झटकू दिले नाहीत. त्याच निकालात इलेक्ट्रॉनिक लॉकरांचा विचार आहे: ग्राहकाकडे पासवर्ड किंवा पिन असला तरी त्या यंत्रणेवर ताबा ठेवण्याचं ज्ञान त्याच्याकडे नसतं, दुसऱ्या कोणी ती फिरवली तर त्याला कळणारही नाही, त्यामुळे तो पूर्णपणे बँकेच्या मेहरबानीवर असतो. जुन्या बँक लॉकरला दोन किल्ल्या लागत. एक बँकेची, एक माझी. माझ्याशिवाय बँकेला दार उघडायचं तर ते फोडावं लागे, आणि फोडलेलं दिसे. कार्डाच्या लॉकरमध्ये त्यांनी उघडलं तरी दाराला ओरखडासुद्धा पडत नाही. राहते ती नोंद, आणि ती त्यांच्याच हातात.

आग्रही : त्या निकालानंतर ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले, तेही पूर्ण सांगा. लॉकर फोडायचा तर बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर हवेत, चित्रीकरण हवं. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झालं तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटीइतकी भरपाई. इलेक्ट्रॉनिक लॉकरचा मुख्य पासवर्ड कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे द्यायचा नाही आणि कोणी काय उघडलं याची नोंद जपायची. म्हणजे तुम्ही ज्या नोंदीला घाबरता तीच नोंद इथे ग्राहकाची ढाल म्हणून लिहिली गेली आहे. स्थानकावरच्या लॉकरलाही असंच बांधून घ्या. आज तिथे 'सामानाची जबाबदारी मालकाची' अशी पाटी लावून भाडं घेतात. ती पाटी उतरवल्याशिवाय कार्डाचं कुलूप बसवू नये, इथे मी तुमच्या बाजूला आहे.

साशंक : मग तुमच्याच सुइकाकडे परत या. तिथे दोन तऱ्हेची कार्डं मिळतात. एकाला नाव नाही. ते हरवलं की त्यातले पैसे गेले. दुसऱ्यावर नाव नोंदवलेलं. ते हरवलं तर जुनं बंद करून नवं देतात. लॉकरला हेच लावून बघा. बेनावाचं कार्ड हरवलं की मी कप्प्यापुढे उभी राहून काय सिद्ध करणार? नावाचं कार्ड असलं की मला माझी बॅग परत मिळते, पण मग माझ्या सगळ्या फेऱ्या माझ्या नावावर. हरवल्यावर मदत हवी असेल तर आधी ओळख गहाण ठेवा, असा हा सौदा आहे. चांगली चिप, मोठी बॅटरी, यांनी तो सुटत नाही.

आग्रही : सुटत नाही, हे मान्य. पण तो सौदा किल्लीतही होता, फक्त दिसत नव्हता. तुमच्या त्या बाईकडे परत येतो, कारण तुम्ही सांगितल्यापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. समजा तिच्याकडे किल्लीच आहे. नवऱ्याला ती पर्समध्ये सापडली. त्यावर स्थानकाचं नाव आणि कप्प्याचा नंबर कोरलेला आहे. तो सरळ जातो आणि दार उघडतो. किल्ली कोणाला विचारत नाही, हा तुमच्या दृष्टीने तिचा गुण. इथे तोच तिचा घात करतो. कार्डावर नंबर कोरलेला नसतो. आणि नाव नको, पण तिने स्वतः ठरवलेला चार आकड्यांचा पिन त्याला जोडला, तर कार्ड हाती लागूनही नवऱ्याला दार उघडत नाही. बेनावाचं कार्ड आणि तिच्या डोक्यातला पिन. मला वाटतं तुमच्या बाईला किल्लीपेक्षा हे जास्त राखील.

साशंक : हो, राखील. किल्लीबद्दलचं माझं प्रेम इथे उणं पडतं. पण कार्ड नवऱ्याने काढून घेतल्यावर ती स्वतः आत कशी जाणार?

आग्रही : पावती. दार लावताना छापून निघालेली, कार्डापासून वेगळी ठेवायची.

साशंक : पर्समध्ये?

आग्रही : ...बरं. मग जागेवर एक माणूस. तिने आत काय आहे ते सांगावं, पिन सांगावा, साक्षीदारासमोर दार उघडावं. तुमची लाल दोरी.

साशंक : आणि त्या माणसासमोर नवरा आधी पोहोचला आणि म्हणाला, "बायकोचं कार्ड आहे माझ्याकडे, ती पिन विसरली आहे, आत तिची कागदपत्रं आणि सोन्याची पाटली आहे", तर? त्याला आतलं सगळं माहीत आहे. ते त्याच्या घरातूनच गेलेलं आहे. कार्डही त्याच्याच हातात आहे. तिच्याजवळ दाखवायला काहीच नाही. आणि समजा दोघंही आले नाहीत. मुदत संपली, जपानमध्ये साधारण तीन दिवसांनी सामान काढून घेतात तसं काढून घेतलं. आत प्रमाणपत्रावर नाव आहे, रेशनकार्डावर पत्ता आहे. भला माणूस असेल तर तो त्या पत्त्यावर कळवील.

आग्रही : म्हणजे तिच्या घरी.

साशंक : तिच्या घरी.

आग्रही : तरीही नोंद हवी, या मतावर मी आहे; झाडू मारणाऱ्या बाईसाठी ती हवीच. फक्त आता मी असं विचारीन की ती किती तास जगावी. सामान निघालं की पुसली, तर दुसऱ्या दिवशी तक्रार आल्यावर त्या बाईला वाचवायला काही उरत नाही. महिनाभर ठेवली, तर तुमची बाई महिनाभर त्यात दिसते. मी सात दिवस म्हणेन, आणि ती उघडायला न्यायालयाचा आदेश हवा म्हणेन.

साशंक : मी एक दिवस म्हणेन. आणि मुदत संपल्यावर कप्पा कोण उघडतो, कोणासमोर, आतल्या पत्त्यावर कळवायचं की नाही, हे पैसे कापण्याआधी पडद्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात दाखवायला हवं. आतल्या पत्त्यावर कळवू नये, असं माझं म्हणणं.

आग्रही : मग पंढरपूरहून परतताना कार्ड हरवलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची पिशवी कधीच घरी पोहोचणार नाही. त्याला तर कळवायलाच हवं.

साशंक : ठेवतानाच विचारा. "सामान राहिलं तर कळवू का?" हो किंवा नाही.

आग्रही : आणि घाईत, गाडी सुटता सुटता, कोणी काही न दाबताच पुढे गेलं तर यंत्राने कोणतं उत्तर धरायचं? म्हाताऱ्याचं की तिचं?